बायकोमागून सिंगापूर

बायको कंपनीच्या कामासाठी सिंगापूरला निघाली आणि मीही रजा टाकली, तेव्हा आमच्या काउंटरवर जे हसू पिकलं, ते साहेब सौभाग्यवतींना दुबईला घेऊन गेले तेव्हा पिकलं नव्हतं. 'कंपनीच्या पैशावर मजा!' म्हणे. अहो, वीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजतोय मी! खोली एकाला घ्या की दोघांना, भाड्यात फरक नावाचाच. हॉटेलला दोन नावं आधी कळवली. जादा नाश्ता माझ्या खर्चाने. विमानाचं तिकीट माझं, व्हिसाचे ३० सिंगापूर डॉलर माझे. कंपनीला तोशीस कसली? दिवसभर ती मीटिंगमध्ये, मी बोटॅनिक गार्डन्समध्ये. तिथे प्रवेश फुकट. (ऑर्किडच्या बागेला तिकीट आहे, ती मी बाहेरूनच सुंदर मानली.) दुपारी हॉकर सेंटरमध्ये डोसा, वर नळाचं पाणी. लग्नाला अठरा वर्षं झाली. मार्चअखेर आणि मुलांच्या परीक्षा यांतून सलग चार संध्याकाळी दोघांनीच गप्पा मारल्याचं आठवत नाही. चौथ्या संध्याकाळी ही म्हणाली, "अहो, पुढच्या महिन्यात जकार्ता आहे." रजेचा अर्ज दिलाय. कारण : 'पत्नीसोबत.' शिपायापर्यंत सगळ्यांचा वाचून झालाय.