'क्लिअर्ड' म्हणजे नक्की काय?

मला विमान अपघातांचे अहवाल वाचायचं एक विचित्र व्यसन आहे. बायको म्हणते, विमानात बसायच्या आदल्या रात्री तरी वाचत जाऊ नकोस. पण प्रॉडक्शन सपोर्टमध्ये दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाला या अहवालांत घरच्यासारखं वाटतं. इथेही सगळं ठीक चाललेलं असतं, सगळे आपापल्या कामात हुशार असतात, आणि तरीही शेवटी व्हायचं ते होतंच.

तर आज त्यातल्याच एका अपघाताबद्दल.

१ डिसेंबर १९७४. अमेरिकेत टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं बोइंग ७२७ वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळाकडे निघालं होतं. तिथे आडवा वारा फार, म्हणून त्याला जवळच्या डलेस विमानतळाकडे वळवलं. पाऊस, ढग, खालचं काही दिसत नाही. अशा वेळी विमान 'इन्स्ट्रुमेंट अ‍ॅप्रोच'ने उतरवतात. म्हणजे काय, तर खिडकीबाहेर न बघता समोरची उपकरणं आणि हातातला नकाशा यांच्या भरवशावर ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या उंचीच्या पायऱ्यांनी खाली यायचं.

विमानाला शेवटची नेमून दिलेली उंची होती ७००० फूट. विमानतळ अजून ४४ मैलांवर असताना कंट्रोलरने सांगितलं की तुम्ही धावपट्टी १२ च्या अ‍ॅप्रोचसाठी 'क्लिअर्ड' आहात. झालं. या एका शब्दावर सगळं फिरलं.

वैमानिकांच्या लेखी त्याचा अर्थ असा होता: रडारवर बसलेला माणूस आपल्याला बघतोय, त्याने उंचीचं काही बंधन घातलेलं नाही, म्हणजे पुढे डोंगर-बिंगर नाहीत, आता अ‍ॅप्रोचच्या सुरुवातीच्या उंचीपर्यंत, म्हणजे १८०० फुटांपर्यंत, खाली जायला हरकत नाही. कंट्रोलरच्या लेखी अर्थ असा होता: आता वाट तुमची, नकाशा तुमच्याकडे आहे, त्यावरच्या उंच्या तुम्ही सांभाळा. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होते. आणि मध्ये व्हर्जिनियातला माउंट वेदर नावाचा डोंगर होता. विमान साधारण १६७० फुटांवर त्याला धडकलं. ९२ माणसं होती, एकही वाचला नाही.

मला यातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग वेगळाच वाटतो. कॅप्टनला शंका आली होती! नकाशावर राउंड हिल या ठिकाणापर्यंत किमान उंची ३४०० फूट लिहिली आहे, हे त्याच्या नजरेला पडलं होतं. कॉकपिटमध्ये त्यावर चर्चाही झाली. आणि तिघांनी मिळून एकमेकांची समजूत घातली की कंट्रोलरने क्लिअर केलंय म्हणजे ठीकच असणार. रेडिओचं बटण दाबून एक वाक्य विचारलं असतं तर? पण शंका आपसातच मिटवली गेली. जिच्याकडे उत्तर होतं त्या बाजूला प्रश्न पोचलाच नाही.

आता माझी गोष्ट. दोनेक वर्षांपूर्वी शुक्रवारी संध्याकाळी आमचं एक रिलीज होतं (शुक्रवारी रिलीज का, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे). कॉलवर क्लायंटकडचा मॅनेजर म्हणाला, "यू आर क्लिअर टू गो." त्याला म्हणायचं होतं पहिला टप्पा, म्हणजे फक्त टेस्ट सर्व्हर. आमच्या टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने ऐकलं, सगळं सोडा. त्याने सोडलं. त्या रात्रीची बिलिंगची सगळी आकडेमोड चुकली आणि आम्ही पहाटेपर्यंत ती निस्तरत बसलो. कुणी मेलं नाही, देवाची कृपा. सोमवारी रिपोर्ट लिहायचा होता, तो मी लिहिला. 'कारण' या रकान्यात दोन शब्द टाकले: ह्युमन एरर. कॉलवर मीसुद्धा होतो, ते वाक्य मीही ऐकलं होतं आणि मलाही ते मोघम वाटलं नव्हतं, हे त्या रिपोर्टमध्ये कुठेच नाही. चार महिन्यांनी त्या मुलाने राजीनामा दिला.

५१४ च्या चौकशीतही याच मुद्द्यावर फाटे फुटले. पाच सदस्यांपैकी तिघांचं मत, की उंची आधीच सोडण्याचा वैमानिकांचा निर्णय हे कारण. उरलेल्या दोघांनी कंट्रोलरने उंचीचं बंधन न सांगण्यावर बोट ठेवलं. पण बहुमताच्या निष्कर्षातही एक गोष्ट स्पष्ट नोंदवलेली आहे: कार्यपद्धतीच इतकी संदिग्ध होती की कोणाची जबाबदारी कुठे संपते याबद्दल दोन्ही बाजूंचा गैरसमज झाला. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. कारण 'चूक कोणाची' एवढंच लिहून थांबलं, तर डोंगर तिथेच राहतो आणि शब्दही तोच राहतो.

त्यांनी शब्दाभोवतीचे नियम बदलले. अ‍ॅप्रोचच्या छापील वाटेवर विमान प्रत्यक्ष येईपर्यंत शेवटची दिलेली उंची सोडायची नाही, आणि कंट्रोलरनेही तोवर कोणती उंची धरायची ते स्पष्ट सांगायचं.

तुम्ही म्हणाल, सोपं आहे की, ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, विषय संपला. नाही ना संपत! १९ फेब्रुवारी १९८९ ला फ्लाइंग टायगरचं ६६ क्रमांकाचं मालवाहू बोइंग ७४७ सिंगापूरहून क्वालालंपूरला येत होतं. कंट्रोलरने सांगितलं, "डिसेंड टू फोर झिरो झिरो". त्याच्या मनात २४०० फूट. यातला 'टू' हा आकडा आहे की 'पर्यंत' या अर्थाचा इंग्रजी शब्द, हे कानाला कसं कळणार? वैमानिकाने परत म्हणून दाखवलं, "ओके, फोर झिरो झिरो". म्हणजे ४०० फूट! चूक उघड बोलून दाखवलेली होती, पण समोरच्याने ती पकडली नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघंही गेले. उत्तर ऐकणाऱ्याचं लक्ष नसेल तर परत म्हणणं हा नुसता उपचार होतो. आपल्या कॉलवरच्या "येस येस, गॉट इट"सारखा.

आपल्या बोलण्यात तर हे पावलोपावली आहे. "बघतो" म्हणजे करतो की करत नाही? "होऊन जाईल" म्हणजे कधी, आणि कोण करणार? घरात हे चालतं, कारण घरातल्यांना आपला सूर माहीत असतो. दोन कंपन्या आणि दोन टाइमझोन मध्ये असले की सूर पोचत नाही, फक्त शब्द पोचतात.

आणि आता सगळ्यात कडू भाग. ५१४ च्या जेमतेम सहा आठवडे आधी युनायटेडचं एक विमान याच अ‍ॅप्रोचवर, याच गैरसमजातून, याच डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला ते कळवलं आणि कंपनीने आपल्या बाकीच्या वैमानिकांना सावध केलं. पण टीडब्ल्यूएपर्यंत ते पोचलं नाही. यातूनच १९७६ मध्ये नासाने चालवलेली एक व्यवस्था सुरू झाली, एएसआरएस. वैमानिक, कंट्रोलर, कोणीही आपली चूक किंवा हुकलेला अपघात तिथे कळवू शकतो. कळवणाऱ्याचं नाव काढून टाकतात. ती आजही चालू आहे. आपली चूक कबूल करणाऱ्याला अभय दिलं तरच पुढचा वाचतो, एवढा साधा हिशोब आहे.

आपल्याकडे 'ब्लेमलेस' हा शब्द प्रेझेंटेशनमध्ये असतो आणि अप्रेझलच्या वेळी नेमका त्याच रिपोर्टमधला रकाना उघडला जातो. माझं मत विचाराल तर ज्या रिपोर्टमध्ये 'ह्युमन एरर'च्या पुढे एकही वाक्य नाही, तो रिपोर्ट परत पाठवावा. माझा तर नक्कीच पाठवायला हवा होता.

मागच्या रविवारी त्या मुलाला फोन केला. आता दुसरीकडे बरा रुळलाय. बोलता बोलता तो विषय मीच काढला. तर तो म्हणाला, "मला डाउट आला होता तेव्हा. पण सगळे गप्प होते, म्हटलं फक्त मलाच कळलं नसेल."

मी काय बोलणार? सॉरी म्हटलं. दोन वर्षं उशिरा, पण म्हटलं.

असो. उद्या सोमवार. कॉलवर कोणी "क्लिअर" म्हणालं तर एकदा विचाराच: म्हणजे नक्की काय?