दरबारी तवारीख आणि चांद्याचे राजे

इतिहास लिहिणाऱ्याने पुरावा द्यावा, हे तत्त्व कोणासही अमान्य होणार नाही. परंतु पुरावा म्हणजे बादशाही दरबारात फारसीत लिहिलेला कागद, आणि बाकीच्या साऱ्या आजीबाईच्या गोष्टी, असा जो अपसिद्धांत आमच्या कित्येक इतिहासभक्तांनी उराशी धरिला आहे, त्याचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. उदाहरण आम्ही चांद्याच्या गोंड राजघराण्याचे घेतो. कारण तेथे झालेला अन्याय मोठा आहे, आणि त्याविषयी बोलणारे थोडे आहेत.

वर्धा नदीच्या काठी बल्लारपूरचा किल्ला आहे. शिरपूरची राजधानी सोडून खांडक्या बल्लाळशहाने ती येथे आणिली, आणि पुढे उत्तरेस झरपटीच्या काठी चंद्रपूर वसविण्यास आरंभ केला, असे परंपरा सांगते. या घराण्याची परंपरागत वंशावळ मेजर ल्यूसी स्मिथ यांनी १८६९ च्या जमाबंदीच्या अहवालात नमूद केली. ती पाहून आमचे विद्वान हसतात. राजास एक ससा कुत्र्यामागे धावताना दिसला म्हणून त्याने तेथे नगर वसविले, असे जी परंपरा सांगते तिला इतिहासात थारा कसा द्यावा, असा त्यांचा प्रश्न. उलट ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात अबुल फझलने बाबजी नावाच्या गोंड जमीनदाराचे एक हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ लिहून ठेविले आहे, तो आकडा मात्र ते डोळे मिटून उतरवून घेतात.

प्रथम सशाचेच पाहू. ससा आणि कुत्रा यांची हीच कथा अहमदाबादेच्या स्थापनेविषयी गुजराथेत घरोघर सांगतात. तेवढ्यावरून सुलतान अहमदशहा झालाच नाही, असे कोणी म्हणत नाही. आणि अद्भुताचाच विटाळ मानावयाचा, तर अबुल फझलाचे काय करावयाचे? त्याने ‘अकबरनाम्या’त अकबराचा वंश अलंकुवा नामक राणीपर्यंत नेला आहे, आणि ती राणी दिव्य प्रकाशाच्या स्पर्शाने गर्भवती झाली, असे गंभीरपणे लिहिले आहे. प्रकाशाने झालेली संतती फारसीत लिहिली की ती अलंकार, आणि गोंडांचा ससा मात्र अडाणीपणा! हा कोणता न्याय?

दुसरे असे की, तवारीख कशी तयार होत असे याचा विचारच होत नाही. सुभ्यासुभ्यांत वाकेनवीस असत. त्यांची वृत्ते आणि सरदारांच्या अर्ज्या दरबारी येत. त्यांतून नेमलेला लेखक ग्रंथ रची, आणि तो ग्रंथ बादशहाच्या पसंतीस उतरावा लागे. यास्तव अशा ग्रंथात तारखा, मजला, नेमणुका, नजराणे यांची नोंद बारकाईने सापडते; तेवढ्यापुरता त्याचा अधिकार मोठा आहे, आणि तो आम्ही नाकारीत नाही. परंतु जे दरबारास नको होते ते त्यात नाही. चांद्याच्या बाबजीविषयी अबुल फझल काय सांगतो? स्वार, पायदळ, वैरागडची हिऱ्यांची खाण, तेथील कापड, रानातले हत्ती. म्हणजे घेण्याजोग्या वस्तूंची ही यादी झाली! सावकाराच्या वहीत कुळाकडे बैल किती, हे मिळेल; त्याच्या घरी लेकरांस काय शिकवितात, हे मिळणार नाही. म्हणून वही खोटी ठरत नाही. पण तीच कुळाचे चरित्र मानणारा मात्र शहाणा ठरत नाही.

‘जमीनदार’ हा शब्दही असाच. मोगली लिखाणात पिढीजात राज्य करणाऱ्या मांडलिकासही जमीनदारच म्हणत. त्यात वर्णन कमी, हक्क अधिक. शहराभोवती दगडी कोट बांधणारा, वेशींवर गजसिंहाचे चिन्ह कोरविणारा राजा या एका शब्दाने देशमुखाच्या पंक्तीस बसतो. चांद्यात तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन इनाम देण्याची वहिवाट परंपरेने सांगितली आहे. ‘तुकूम’ हा त्या व्यवहारातला शब्द आजही चंद्रपुरात एका वस्तीस लागलेला आहे. तलावांच्या पाळी आजही डोळ्यांनी दिसतात. मातीचा हा पुरावा कोणत्या तवारिखेहून हलका?

आता १६६७ चे प्रकरण घ्या. त्या वर्षी दिलेरखान चांद्यावर चालून आला. राजाने शरणागती पत्करली. एक कोट रुपयांचा दंड व सालिना दोन लाखांची खंडणी ठरली, आणि माणिकदुर्ग पाडावा अशी अट पडली. हे आम्हांस महंमद काझिमाच्या ‘आलमगीरनाम्या’वरून कळते, आणि त्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहो. परंतु या ग्रंथात औरंगजेबाच्या पहिल्या दहाच वर्षांची हकीकत आहे. पुढे बादशहाने दरबारी इतिहास लिहिण्याचेच काम बंद केले. स्वारी दोन वर्षे उशिरा झाली असती, तर एवढी सविस्तर दरबारी नोंद उरती ना. जिच्या असण्यानसण्यास एका माणसाची मर्जी पुरते, त्या नोंदीच्या मौनावरून ‘अमुक झालेच नाही’ असे अनुमान काढणे हे तर्कशास्त्र नव्हे.

त्याच ग्रंथात राजाचे नाव ‘मांजी मल्लार’ असे येते. परंपरेच्या वंशावळीत असा राजा नाही. लगेच निकाल दिला जातो: वंशावळ चुकली. अहो, फारसी लिपीत परक्या मुलखातील नावांची काय दशा होते, हे ज्याने दोन पाने वाचली तोही जाणतो. ‘मल्लार’ हे ‘बल्लार’चेच रूप असण्याचा संभव आमच्या मते मोठा आहे. ज्या गावच्या रेल्वेस्थानकाच्या पाटीवर आजही ‘बल्लारशाह’ असे लिहिलेले आहे, त्या गावास विचारल्यावाचून हा निकाल देणे उतावळेपणाचे आहे.

महाराष्ट्रीय वाचकांस हे समजावयास कठीण पडू नये. मोगली चाकरीतल्या खाफीखानाने शिवछत्रपतींच्या मृत्यूचे साल शिवीगाळीच्या वाक्यात गुंफिले. त्यानेच महाराज मशिदींस व स्त्रियांस उपद्रव देत नसत, अशी साक्षही दिली. आपण शिवी टाकिली आणि साक्ष घेतली. हाच विवेक होय. तो रायगडापुरता ठेवून बल्लारपुराच्या वाटेवर गुंडाळून ठेवणे, हा पक्षपात नव्हे काय?

उलट बाजूने कोणी म्हणतील की, परक्यांच्या स्तुतिपाठकांचे ग्रंथ नकोतच. त्यांचेही आम्हांस पटत नाही. स्तुतिपाठकही खंडणीचा आकडा लिहून जातो. शिवाय राज्य घेणाराने राज्य गमावणाऱ्याचा इतिहास लिहावा, ही खोड केवळ मोगलांची नाही. १७५१ मध्ये रघूजी भोसल्यांनी चांदा घेतले, आणि शेवटचा राजा नीलकंठशहा बल्लारपूरच्याच किल्ल्यात, पूर्वजांच्या जुन्या राजधानीत, बंदीत पडला. चांदा कसे जिंकले हे आमच्या मराठी लेखकांनी हौसेने लिहिले. बंदीतल्या राजाविषयी किती ओळी लिहिल्या, हे ज्याचे त्याने मोजावे.

तेव्हा उपाय एकच: फारसी टाकू नये, ती शिकावी, आणि तिच्याजवळ गोंडी बसवावी. माधवराव पटवर्धनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश दिला; ग. ह. खरे यांनी ऐतिहासिक फारसी साहित्याचे खंड काढिले. सेतुमाधवराव पगडी यांनी तर मोगली साधने मराठीत आणिली आणि गोंडी भाषेचे व्याकरणही लिहिले; एकाच माणसाच्या मेजावर दोन्ही भाषा नांदू शकतात, याचा हा दाखला आहे. प्रधानांच्या तोंडची वंशगीते, कोटाचे दगड, तलावांच्या पाळी आणि दरबारची तवारीख, यांस एका कठड्यात उभे करून प्रत्येकाची सारखीच उलटतपासणी व्हावी. एका साक्षीदारास न्यायाधीशाच्या आसनावर बसवून बाकीच्यांस दाराबाहेर काढणे, यास इतिहासशास्त्र म्हणत नाहीत. चांद्याच्या मुलांस आपल्या गावाचा पहिला उल्लेख खंडणीच्या यादीतच वाचावयास मिळावा, हे ज्यांस सोसत असेल त्यांनी खुशाल जुनीच वाट चालावी. आम्हांस ते सोसत नाही.