रिस्टार्टवाले

‘टनेल अप दाखवतोय सर, आमच्या एंडला सगळं ओके आहे.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ‘आमच्या एंडला’पर्यंत आलं की फोन कानापासून लांब धरतो. क्लाउडवाल्याकडे ओके. राउटर बसवून गेला त्याच्याकडे ओके. लाइन देणारा तर जन्मजात ओके. आणि भोसरीतल्या कारखान्यात टेम्पो गेटवर उभा, कारण ईआरपी उघडत नाही आणि चलन निघत नाही. सगळेच ओके होते तर मला काय सत्यनारायणाला बोलावलं होतं?

आठ दिवस हा तमाशा चालू होता. उपाय ठरलेला: राउटरचं बटण बंद, दहा आकडे मोजायचे, बटण चालू. कारखाना ते क्लाउड असा व्हीपीएन टनेल उभा राहायचा, चलन निघायचं, सगळे खूश. थोड्या वेळाने पुन्हा बोंब. आयटी मॅनेजरचं निदान झालं होतं, ‘लाइनच बोगस आहे.’ दुसरी लाइन घेतली. तीही बोगस निघाली. तिसरीचं कोटेशन टेबलावर पडलं होतं.

स्टोअरकीपरने मला एका जुन्या चलनाची मागची बाजू दाखवली. बॉलपेनने वेळा लिहिलेल्या: ९.१०, १०.१३, ११.१६, १२.१८. राउटर बंद-चालू करायचं काम त्याच्या गळ्यात पडलेलं, म्हणून त्याने आपलं टिपून ठेवलं होतं. आठ दिवसांत त्याला कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. बोगस लाइन अशी घड्याळ लावून पडते का हो?

तास म्हणजे ३६०० सेकंद. राउटरच्या फेज टूच्या पानावर लाइफटाइम म्हणून हाच आकडा होता. त्या मुदतीत दोन्ही टोकांनी नवी किल्ली ठरवायची असते. क्लाउडच्या बाजूला पीएफएस लावलेलं, गट १४. म्हणजे प्रत्येक नव्या किल्लीसाठी डिफी-हेलमनची देवाणघेवाण पहिल्यापासून करायची. राउटरवर तीच चौकट रिकामी. पण आयकेव्ही२ मध्ये पहिली किल्ली ओळख पटवतानाच, वेगळी देवाणघेवाण न करता निघते, त्यामुळे तेव्हा पीएफएसचा प्रश्नच येत नाही. लग्न लागतं थाटात, पत्रिका तासाभराने उघडतात. मग लॉगमध्ये एक ओळ पडते: ‘नो प्रपोजल चोझन’. स्थळ पसंत नाही. जुनी किल्ली मुदत संपून मरते, वाहतूक थांबते. पण फेज वन आठ तासांचा, २८८०० सेकंदांचा. तो जिवंत, ‘आहेस का’ विचारणाऱ्या डीपीडीच्या हाकेला ओ देतोय, म्हणून पोर्टलवरचा दिवा हिरवाच. रिस्टार्ट केलं की पुन्हा पहिली किल्ली, पुन्हा तासभर सुख. यात गुपित काही नाही. आयकेव्ही२चा आरएफसी ७२९६ हा दस्तऐवज २०१४ पासून फुकट वाचायला मिळतो.

मग ती ओळ आठ दिवस कोणाला दिसली का नाही? कारण त्या राउटरचा लॉग मेमरीत राहतो, वीज गेली की पुसला जातो. लॉग बाहेर साठवायला, सिसलॉगसाठी, एक जुना पीसी लावायचं कोणाच्या मनात आलं नाही. रिस्टार्टवाला दर तासाला गुन्ह्याची जागा फिनेलने धुऊन काढत होता आणि वर म्हणत होता, ‘झालं ना चालू!’ क्लाउडच्या बाजूला लॉग शाबूत होता, पण तो यूटीसीत. ‘सर, दहा वाजून दहाला आमच्याकडे काहीच एरर नाही.’ बरोबर आहे बाबा, तुझ्याकडे ती ४.४० ला आहे. साडेपाच तास वजा करायला कुठलं सर्टिफिकेट लागतं?

‘पिंग होतंय’ म्हणणारे याच जातीचे. लॉगिनचं पान उघडतं, इन्व्हॉइसची पीडीएफ लटकते, आणि हे सांगतात नेटवर्क ठणठणीत आहे. तुमचा पिंग साठ-सत्तर बाइटांचा. पीडीएफचं पॅकेट १५०० चं. त्यावर आयपीसेकचं वेष्टण चढलं की ते दारातून जात नाही, आणि ‘लहान करून पाठवा’ हा निरोप घेऊन येणारा आयसीएमपी सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलनेच अडवलेला. एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या मजकुराची कमाल मर्यादा, १३५० वर आणला की सुटतं. एका ओळीचं काम. पण त्यासाठी पिंगचा आकार वाढवून बघावा लागतो, आणि बघणं हीच तर अडचण आहे.

काम न येणाऱ्यावर माझा राग नाही. मीही पहिल्या वर्षी राउटर बंद-चालू करूनच नाव कमावलं. राग आहे तो आठ दिवस हिरव्या दिव्याकडे बोट दाखवून पगार घेणाऱ्यांवर.

भोसरीत मी राउटरवर पीएफएसची चौकट उघडली, गट १४ निवडला, सेव्ह केलं. दोन मिनिटं. मॅनेजरसाहेब म्हणाले, ‘एवढंच होतं?’ आणि बिलावर घासाघीस सुरू केली. मी एक पैसा सोडला नाही.

तुमचाही टनेल पडत असेल तर मला फोन जरूर करा. फक्त रिस्टार्ट मारायच्या आधी करा. नंतर केलात तर मी घेणार नाही.