करमुक्त रोखे आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

बेंगळुरू महानगरपालिकेचे सप्टेंबर २०२५ मध्ये पाच महानगरपालिकांत विभाजन झाले. चर्चा झाली ती सीमारेषांची, नेमणुकांची आणि महसुलाच्या वाटणीची. कर्जाबद्दल उत्तर कोण देणार, हा प्रश्न त्या मानाने मागेच राहिला. जुन्या पालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली होती. पुढची पाच वर्षे कारभार प्रशासकांनी पाहिला. कर्ज पंधरा वर्षांचे असते, प्रशासकाची नेमणूक वर्ष-दोन वर्षांची. सार्वजनिक वित्तसंस्थांच्या कारभारातील मूळ विसंगती हीच आहे.

बेंगळुरूला हा प्रश्न नवा नाही. १९९७ मध्ये या शहराने राज्य सरकारच्या हमीवर १२५ कोटी रुपयांचे रोखे काढले. देशातील नागरी रोख्यांची ती सुरुवात होती. २००५ मध्ये त्याहून धाडसी प्रयोग झाला. बोम्मनहळ्ळी, महादेवपुरा, दासरहळ्ळी, येलहंका आदी आठ उपनगरी नागरी संस्थांच्या पाणीपुरवठ्यासाठी एका संयुक्त निधीमार्फत १०० कोटी रुपयांचे करमुक्त रोखे विकले गेले. व्याजदर ५.९५ टक्के, मुदत पंधरा वर्षे. निम्म्या मुद्दलाची हमी अमेरिकेच्या विकाससाहाय्य संस्थेने दिली. सूत्रधार होते राज्य सरकारच्या मालकीचे कर्नाटक नागरी पायाभूत सुविधा विकास व वित्त महामंडळ. आर्थिक रचना म्हणून हा प्रयोग वाखाणण्याजोगा होता, यात शंका नाही.

परंतु दोन वर्षांतच, २००७ मध्ये, या आठही संस्था बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेत विलीन झाल्या. ज्यांच्या नावावर कर्ज उभे राहिले, त्या संस्थाच उरल्या नाहीत. रहिवाशांकडून आगाऊ वर्गणी घेतली गेली होती. ती भरूनही अनेकांना पाण्यासाठी काही वर्षे वाट पाहावी लागली. गुंतवणूकदाराच्या संरक्षणाची तजवीज करारात होती. नागरिकाने दाद कोणाकडे मागावी, याची तितकी स्पष्ट तरतूद कोठेच नव्हती.

करमुक्ती म्हणजे फुकटचा पैसा नव्हे. तीस टक्के कर भरणाऱ्या गुंतवणूकदाराला ५.९५ टक्के करमुक्त व्याज हे साडेआठ टक्के करपात्र व्याजाच्या बरोबरीचे असते. मधला फरक सरकारी तिजोरी सोसते. १०० कोटींचे संपूर्ण मुद्दल शिल्लक असताना, या हिशेबाने, तो वर्षाला सुमारे अडीच कोटी रुपये होतो. शिवाय लाभ घेते राज्याचे महामंडळ आणि आयकर बुडतो केंद्राचा. त्यामुळे विधानसभेला हा खर्च आपला वाटत नाही आणि संसदेला तो दिसत नाही. करसवलतींमुळे घटणाऱ्या महसुलाचे विवरण केंद्र सरकार अर्थसंकल्पासोबत देते. पण त्यातून एखाद्या महामंडळाच्या एखाद्या रोख्याचा भार उमगत नाही. कर्नाटकाने १९९९ मध्ये सरकारी हमींवर कायद्याने मर्यादा घातली, हे दूरदृष्टीचे पाऊल होते. हमी मोजली गेली. करमाफी मोजण्याचे राहूनच गेले.

उद्योगांना कर्ज देणाऱ्या संस्थांचा कारभारही याच चौकटीतला. कर्नाटक राज्य वित्तीय महामंडळ १९५९ मध्ये, १९५१ च्या केंद्रीय कायद्यान्वये स्थापन झाले. भागभांडवलाला राज्याची हमी आहे, थकबाकीदार कारखाना न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार आहे, आणि व्यवस्थापकीय संचालक राज्य सरकार नेमते. अधिकार असे मोठे असताना त्या खुर्चीवर बसणारी व्यक्ती किती काळ टिकेल, हे बहुधा बदल्यांच्या आदेशावर ठरते. सेवेत असताना मी अशा मंडळांच्या बैठकींना बसलो आहे. कर्जाच्या प्रस्तावावर तासभर खल होई. पाच वर्षांपूर्वीच्या कर्जाचे काय झाले, यावर क्वचितच.

अशा संस्थांना राजकारणापासून दूर ठेवावे, हा युक्तिवाद मला मान्य आहे. मात्र राजकारणापासून अंतर म्हणजे लोकांपासून अंतर नव्हे. औद्योगिक विकासासाठी करमुक्त रोख्यांची परंपरा अमेरिकेत १९३६ च्या मिसिसिपीपासून आहे. गैरवापर वाढला तेव्हा तिथे १९८२ च्या कायद्याने असे रोखे काढण्यापूर्वी जाहीर सुनावणी बंधनकारक केली आणि १९८६ मध्ये प्रत्येक राज्याला वार्षिक मर्यादा आखून दिली. न्यूयॉर्क राज्याने २००५ च्या कायद्याने सार्वजनिक प्राधिकरणांच्या सदस्यांना प्रशिक्षण आणि हिशेबांना स्वतंत्र लेखापरीक्षण सक्तीचे केले.

आपल्याकडेही दाखले आहेत. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण असताना, १९१३ मध्ये, म्हैसूर बँक उभी राहिली. राज्याच्या भांडवलावर उद्योग उभारण्याचे धोरणही तेव्हाचेच. परंतु त्या संस्थानात १८८१ पासून प्रतिनिधी सभा होती. तिचे अधिकार तुटपुंजे असले तरी दिवाणाला दरवर्षी तिच्यापुढे उभे राहून राज्यकारभाराचा वृत्तांत मांडावा लागे. लोकशाहीतील महामंडळाकडून याहून कमी अपेक्षा का ठेवावी?

माझ्या मते तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. हमी वा करसवलतीच्या आधारे कर्ज उभारण्यापूर्वी जाहीर सुनावणी व्हावी. महामंडळाच्या प्रमुखाला निश्चित मुदत असावी आणि प्रत्येक कर्जाची फलश्रुती, बुडालेल्या करासह, दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवली जावी. आणि पाचही नव्या महानगरपालिकांच्या वाट्याला आलेल्या दायित्वांची यादी नागरिकांना समजेल अशा भाषेत प्रसिद्ध व्हावी. २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढणाऱ्या पुण्यालाही हे तितकेच लागू आहे. रोखे विकत घेणाऱ्याला माहितीपत्रक मिळते. व्याज ज्याच्या करातून फिटते त्यालाही ते मिळाले पाहिजे.