आधी गोळी, मग गणती



युरोपातल्या रोमानियात अस्वलांवरून रान पेटले आहे. चाउशेस्कूच्या राजवटीत अस्वलाची शिकार ही सत्ताधीशाची चैन होती. पुढे परदेशी शौकीन पैसे मोजून बंदूक चालवू लागले. २०१६ साली सरकारने ही हौस थांबवली. डोंगरातला शेतकरी मात्र मेलेल्या मेंढ्या आणि तुडवलेला मका दाखवत फिरतच राहिला. २०२४ च्या जुलैत डोंगर चढायला गेलेली १९ वर्षांची मुलगी अस्वलाच्या हल्ल्यात गेली, तेव्हा कुठे संसद जागी झाली. त्या वर्षासाठी ४८१ अस्वले मारायची मंजुरी तिने दिली. आणि डीएनए तपासून केलेल्या गणतीचे आकडे आले २०२५ साली: दहा हजारांच्या वर!

आपल्याकडे अस्वलाच्या जागी रोही आणि रानडुक्कर. हुरड्यावर आलेली ज्वारी एका रात्रीत आडवी होते. कित्येकांनी ज्वारीच सोडली. मग कडबा नाही, की बैल विकायचा. शहरातला प्राणीप्रेमी म्हणतो, मारू नका. बंदूकवाला म्हणतो, मारू द्या. जागलीला दोघांपैकी कोण येतो?

आम्ही शिकारीचे भाट नाही. जंगलात जनावर राहिलेच पाहिजे. पण त्याला पोसण्याचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने का सोसावा? आधी गणती करा. भरपाई बाजारभावाने आणि मुदतीत द्या. मारायचे की राखायचे, हे गावाला विचारून ठरवा. ज्याचे पीक जाते, त्याचा शब्द पहिला!