धुराची जकात

नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजूला आले की वाटेच्या कडेला एक कोरीव दगडी रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळी कोकणातून वर येणाऱ्या मालाची जकात त्यात टाकली जाई, असे सांगतात. आता युरोपनेही आपल्या वेशीवर असा रांजण मांडला आहे. त्यात जकात पडते ती धुराची.

पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालासोबत, तो बनवताना किती कार्बन हवेत गेला याचा हिशेब तिथे १ ऑक्टोबर २०२३ पासून मागितला जाऊ लागला. १ जानेवारी २०२६ पासूनच्या मालावर प्रत्यक्ष आकारणी आहे. यात द्राक्षे नाहीत म्हणून नारायणगावच्या बागाईतदाराने निःश्वास सोडू नये. जुन्नर-आंबेगावातली कितीतरी मुले चाकण-भोसरीच्या कारखान्यांत राबतात, आणि नटबोल्ट या यादीत आहेत. जकात भरायची तिकडच्या आयातदाराने, पण तो ती भावातून कापून घेणार, हे सांगायला बँकवाला कशाला हवा?

बोल्ट पाडणाऱ्याचा स्वतःचा धूर थोडा. खरा धूर त्याने विकत घेतलेल्या पोलादात असतो. ते कोळशाच्या झोतभट्टीतले की भंगार वितळवून केलेले, यावर आकडा ठरतो. पोलादवाल्याने तो कागद दिला नाही तर युरोप आपला ठोकळ आकडा लावतो, आणि तो चढाच असतो. यंत्रावर जादूगार असलेले लहान कारखानदार साठ्याचे मासिक पत्रक भरताना घामाघूम झालेले मी कर्जखात्यात बसून पाहिले आहेत. त्यांच्यापुढे हा नवा कागद येणार.

शे-दीडशे वर्षे कोळसा जाळून ज्यांनी घरे भरली, त्यांनीच आमच्या धुरावर जकात बसवावी, हा अन्याय आहेच. पण २०१० साली औषधाच्या अंशापायी आपली द्राक्षे युरोपात अडली, तेव्हा नुसत्या संतापाने एक पेटीही सुटली नव्हती.

या कायद्यात एक फट आहे. धुराची किंमत मायदेशात आधीच मोजली असेल, तर तेवढी रक्कम वजा होते. म्हणजे पैसा जाणारच असेल, तर तो ब्रुसेल्सच्या रांजणात पडू द्यायचा की आपल्या, एवढेच ठरवायचे आहे. भारताने २०२३ साली कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली. तिच्यातून इथे किंमत वसूल व्हावी आणि ती इथल्याच भट्ट्या सुधारायला लागावी. पहिला खर्च मात्र भोसरीच्या त्या कारखानदाराला कागद भरून देणारा माणूस नेमण्यावर व्हावा.