पदराच्या गाठीतले दुसरे कार्ड

आपल्या शिरगावातून सकाळची लोकल धरायला बदलापूर स्टेशनकडे निघालेला माणूस सगळे पैसे एका खिशात ठेवत नाही. पास एका खिशात, पाकीट दुसऱ्या खिशात. आयाबायांच्या पदराच्या गाठीला तर एक नोट वेगळीच असते. ती चहापाण्याला मोडायची नसते. पाकीट गेले तर घरी परतता यावे, एवढ्यासाठी ती असते.

गेल्या रविवारी शेजारच्या ताई आल्या. मुलगा शिष्यवृत्तीवर दोन वर्षांसाठी परदेशी शिकायला निघालेला. म्हणाल्या, "भाऊ, पोरगा म्हणतो एक क्रेडिट कार्डही पाहिजे. हे उधारीचं कार्ड कशाला? कर्ज फेडता फेडता आमच्या सासऱ्यांची हयात गेली."

ताईंची भीती खरी आहे. पण परदेशातील पैशाची ओढाताणही तितकीच खरी आहे. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. १९२० साली पुन्हा लंडनला निघाले तेव्हा नोकरीतली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले ५,००० रुपये, एवढी पुंजी होती. प्रत्येकाला भथेना भेटत नाहीत. म्हणून राखीव कार्ड. मात्र मित्र सांभाळून घेतो, बँक एक दिवसही विसरत नाही.

परदेशात कार्ड हरवते, मशीन ते गिळते, कधी संशय येऊन बँकच ते बंद करते. नवे कार्ड हाती यायला दिवस लागतात. तोवर खाणार काय, राहणार कुठे? यासाठी दुसरे कार्ड. ते निवडताना एवढे पाहावे.

पहिली गोष्ट, दुसरे कार्ड वेगळ्या बँकेचे असावे. एक व्हिसा असेल तर दुसरे मास्टरकार्ड घ्यावे. रुपे आपल्याकडे उत्तम चालते, पण परदेशात ते घेणारी दुकाने कमी.

दुसरी गोष्ट, पगाराची स्लिप नसेल तर बँका मुदत ठेवीवर कार्ड देतात. ठेवीवर व्याज चालू राहते. कार्डाची मर्यादा बहुधा ठेवीच्या ७५ ते ९० टक्के असते. म्हणजे ५०,००० च्या ठेवीवर साधारण ४०,००० रुपये. बिल थकले तर बँक ठेवीतून वळते करते. खर्चाला आपोआप कुंपण पडते.

तिसरी गोष्ट खर्चाची. परकी चलनात खरेदी केली की बरीच कार्डे साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार घेतात, त्यावर १८ टक्के जीएसटी. १०,००० रुपयांच्या खरेदीला ४१३ रुपये वर गेले. काही कार्डे हा आकार घेत नाहीत, त्यांची चौकशी करावी. पण नुसते पडून राहणाऱ्या कार्डाला वार्षिक फी नसणे अधिक महत्त्वाचे.

निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी वापर सुरू करावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नव्या कार्डावर तो बंदच असतो. ओटीपी इथल्या मोबाईल नंबरवर येतो, म्हणून तो नंबर रोमिंगवर चालू ठेवावा. कार्डाची मुदत परतण्याआधी संपत नाही ना, ते पाहावे. एकदा वाण्याच्या दुकानात कार्ड वापरून, बिल भरून खात्री करावी.

तिथे गेल्यावर दुकानदार विचारतो, रुपयांत घेऊ की इथल्या चलनात? तिथलेच चलन सांगावे, रुपयांत बहुधा महाग पडते. क्रेडिट कार्डावर रोख काढू नये. फी लागते आणि पहिल्या दिवसापासून व्याज चढते. कार्ड पाकिटात नको, खोलीवरच्या पेटीत ठेवावे. बँकेचा फोन नंबर कागदावर लिहून एक प्रत आईकडे द्यावी. कार्ड हरवल्यास ताबडतोब कळवून बंद करावे, तक्रारीचा क्रमांक जपावा. आणि तिकडेच नोकरी लागली तर बँकेला कळवावे. इथले साधे बचत खाते मग एनआरओ करून घ्यावे लागते.

शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. बिलावर 'किमान रक्कम' असा आकडा असतो. तो भरून समाधान मानू नये. उरलेल्या रकमेवर बहुतेक बँका महिना शेकडा तीन ते चार रुपये व्याज लावतात. हा दर आपल्या आजोबांनी सावकाराच्या ओट्यावर ऐकलेला आहे. पूर्ण बिल खात्यातून आपोआप कापले जाईल अशी सोय करावी, आणि त्या खात्यात पैसे ठेवावेत.

ताईंनी सगळे ऐकून घेतले. भिशीचे पैसे आले होते, त्यातून मुलाच्या नावे ठेव करायचे ठरले. उठताना म्हणाल्या, "म्हणजे ही पदरातली नोटच की. त्याला सांगते, मोडलीस तर त्याच महिन्यात परत बांधायची."

यापेक्षा नीट मलाही सांगता आले नसते.